बियासचा दुसरा काठ: कुल्लू खोऱ्यात शांतपणे सायकल चालवायची असेल तर

प्रश्न असा आहे: “आम्ही पुण्याचे तिघे. मी, बायको आणि सासरे (वय ६१). पुणे-गोवा सायकलने केलंय. मनाली-लेह करायचं नाही. कुल्लू-मनाली भागात आठ-नऊ दिवस, सायकलला पिशव्या लावून, शांत रस्त्यांनी फिरायचंय. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, तिथे नुसता ट्रॅफिक आहे. खरंच शांत रस्ते उरलेत का? कधी जावं, कुठून कुठे जावं?”

उरलेत. त्यातला सगळ्यात चांगला रस्ता तर मनालीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीच्या खिडकीतून समोर दिसतो. नदीच्या पलीकडे.

पुण्याचे आहात म्हणून खडकवासल्याचं उदाहरण देतो. रविवारी सकाळी सिंहगड रोडने पानशेतकडे निघालात की धरणाच्या चौपाटीवर कणसं, भजी आणि हॉर्न यांतून वाट काढावी लागते. त्याच वेळी पाण्याच्या पलीकडे, एनडीएच्या मागून कुडजे-मांडवी-सांगरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुधाच्या किटल्या लावलेली एखादी मोटारसायकल आणि चार म्हशी, एवढंच. पाणी तेच, डोंगर तेच, काठ फक्त वेगळा. कुल्लू खोऱ्यात मी आजवर नऊ वेळा सायकल घेऊन गेलोय. पहिल्या खेपेला हायवेने गेलो आणि ठरवलं की इथे परत यायचं नाही. दुसऱ्यांदा एका मित्राच्या हट्टाने पलीकडच्या काठाने गेलो, आणि नंतरच्या सगळ्या खेपा त्या काठाच्या ओढीने झाल्या.

आधी एक घोळ मिटवू. तिकडे सगळे ‘लेफ्ट बँक’ म्हणतात. नदीचा डावा-उजवा काठ ठरतो पाणी जातं त्या दिशेला तोंड करून. बियास मनालीकडून कुल्लूकडे, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. त्यामुळे डावा काठ म्हणजे पूर्वेचा. तुम्ही कुल्लूहून मनालीकडे चढत असाल तेव्हा तो तुमच्या उजव्या हाताला असतो. माझ्याबरोबरच्या एका जोडप्याने ‘लेफ्ट’ ऐकून पूल ओलांडलाच नाही आणि अख्खा दिवस व्होल्वोंच्या धुरात काढला.

उजव्या, म्हणजे पश्चिमेच्या काठावर राष्ट्रीय महामार्ग आहे. रायसन, कटराईं, पतलीकुहल, मनाली. सगळ्या व्होल्वो, टॅक्स्या, लाहौलकडे जाणारे ट्रक याच रस्त्याने जातात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये रोहतांगखालचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून तर दिवसभरात बर्फ बघून परत येणाऱ्या गाड्यांची त्यात भर पडली. डाव्या काठावर जुना रस्ता आहे. अरुंद, वळणावळणाचा, सफरचंदाच्या बागांमधून आणि गावांच्या अंगणांतून जाणारा. मोठ्या बस तिथे सहसा येत नाहीत, कारण समोरून दुसरी मोठी गाडी आली की दोघांचीही पंचाईत होते. सायकलवाल्याला हेच हवं असतं. रस्ता गैरसोयीचा असला की तो आपोआप शांत राहतो.

पण डावा काठ म्हणजे सगळीकडे शांतता असं समजू नका. हा नियम कुल्लू शहराच्या वरच्या टोकाला, रामशिलाच्या पुलापासून पुढे लागू होतो. त्याच्या खाली भुंतरपर्यंत दोन्ही काठांवर वाहनं आहेत आणि विमानतळही तिथेच आहे. कुल्लू ते भुंतर सायकलने करण्यात काही अर्थ नाही, ते अंतर गाडीत टाका.

आता रस्ता. रामशिलाहून निघालात की दहा-एक किलोमीटरवर काईस येतं. तिथे एक मोठा बौद्ध मठ आहे, रस्त्यावरूनच त्याची सोनेरी छपरं दिसतात. आत जाऊन दहा मिनिटं बसा. कुणी हटकत नाही, आणि पहिल्या चढावर लागलेली धाप शांत होते. पुढे रस्ता नदीच्या पातळीवर राहत नाही, हे लक्षात घ्या. नकाशावर खोऱ्यातला रस्ता म्हणजे सपाट असं वाटतं. प्रत्यक्षात डोंगरावरून उतरणारा प्रत्येक नाला, तिकडच्या भाषेत ‘खड्ड’, रस्त्याला आडवा येतो. मग रस्ता नाल्याकडे उतरतो, छोट्या पुलावरून पलीकडे जातो आणि पुन्हा चढतो. अशा चढ-उतारांची बेरीज दिवसाअखेर मांड्यांना बरोबर कळते. कुल्लू ते नग्गर साधारण पंचवीस किलोमीटर आहे. तुम्ही म्हणाल, एवढंसं? थांबत-बघत गेलात तर दिवस पुरतो, आणि तसंच जावं.

नग्गरला किमान दोन रात्री ठेवा. मी स्वतः तीन ठेवतो. साधारण १,८०० मीटर उंचीवरचं हे गाव कुल्लूच्या राजांची जुनी राजधानी. सतराव्या शतकात राजधानी खाली सुलतानपूरला, म्हणजे आजच्या कुल्लूला गेली आणि नग्गर मागे राहिलं. गावातला राजवाडा ‘काठकुणी’ पद्धतीचा आहे: देवदाराचे ओंडके आणि दगड यांचे एकाआड एक थर, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. १९०५ च्या कांगडा भूकंपात ही वास्तू टिकली ती या रचनेमुळे, कारण धक्का बसला की थर एकमेकांवर थोडे सरकतात, पण कोसळत नाहीत. वाटेतल्या गावांत जुनी घरं दिसतील तीही याच पद्धतीची. खाली गुरं, वर माणसं आणि सज्जात वाळत टाकलेली मक्याची कणसं. राजवाड्याच्या वर चढून गेलं की रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांचं घर आहे. ते १९२८ मध्ये इथे राहायला आले आणि १९४७ मध्ये इथेच वारले. त्यांची हिमालयाची चित्रं बघायची तर सकाळी जा. चित्रातला निळा-जांभळा रंग खोटा वाटतो, आणि बाहेर आलं की समोरच्या डोंगरावर तोच दिसतो.

नग्गरचा मुक्काम एवढा लांबवण्याचं दुसरं कारण म्हणजे तिथून सामान खोलीवर ठेवून, हलक्या सायकलने करण्याजोग्या फेऱ्या. त्यातली माझी आवडती जानाची. नग्गरहून बारा-एक किलोमीटर, जवळजवळ सगळा चढ, शेवटी देवदाराचं दाट रान आणि एक धबधबा. धबधब्यापाशी साधे ढाबे आहेत. तिथे लाल तांदळाचा भात, मक्याची रोटी, राजमा आणि लिंगडी मिळते. लिंगडी म्हणजे नेच्याच्या कोवळ्या, गुंडाळलेल्या कोंबांची भाजी, आपल्याकडच्या पावसाळी रानभाज्यांची आठवण करून देणारी. आणि सिड्डू. खमीर आलेल्या कणकेचा, आत अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून वाफवलेला हा प्रकार तुपाबरोबर खातात. एक सिड्डू खाऊन मी वीस किलोमीटर चढलोय. दोन खाल्ले तेव्हा मात्र झाडाखाली झोपलो होतो.

जानाच्या पुढे कच्चा रस्ता रानातून बिजली महादेवाच्या दिशेने जातो. तो तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल, कारण फोटो फार सुंदर येतात. सामान लादलेल्या सायकलने जाऊ नका, आणि आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर रिकाम्या सायकलनेही नको. एकदा मी गेलो होतो. तिथली माती चिकट आहे, ती चाक आणि मडगार्डच्या मध्ये जाऊन बसली. दर पन्नास पावलांवर काडीने उकरायचं आणि पुढे ढकलायचं. सात किलोमीटरला साडेचार तास लागले. सोबत होती एका गुराख्याची, आणि तो हसत होता.

नग्गर ते मनाली वीस-एकवीस किलोमीटर. हा या काठाचा सगळ्यात सुरेख तुकडा. सरसेई, हरिपूर, जगतसुख. जगतसुख ही नग्गरच्याही आधीची राजधानी. आता छोटंसं गाव आहे, पण दगडी शिखर असलेलं जुनं शिवमंदिर रस्त्यालगतच आहे, चहाची टपरीही आहे. इथून पुढे प्रीणी येतं. अटलबिहारी वाजपेयींचं उन्हाळ्यातलं घर याच गावात. प्रीणीच्या वर जलविद्युत प्रकल्प आहे, तिथे पोहोचलात की शांतता संपली असं समजा. मनालीत राहायचंच असेल तर राहा. मी जगतसुखला राहतो आणि मनालीला सायकलने जाऊन हिडिंबेचं १५५३ मध्ये बांधलेलं लाकडी मंदिर पाहून दुपारच्या आत परत येतो. सकाळी सातला मंदिराच्या देवराईत पक्ष्यांचा आवाज येतो. दहा वाजता याक आणि अंगोरा सशांबरोबर फोटो काढणारे येतात.

इथे वाऱ्याबद्दल सांगतो, कारण हे कुठल्याही नकाशावर नसतं. डोंगराच्या खोऱ्यात दिवसा ऊन चढलं की उतारावरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला खोऱ्याच्या तोंडाकडून हवा आत येते. म्हणजे दुपारी वारा खालून वर, कुल्लूकडून मनालीकडे वाहतो. रात्री आणि पहाटे उलटा. कोकणातले लोक मतलई आणि खारे वारे म्हणतात, त्याच जातीचं हे डोंगरातलं गणित. त्यामुळे खोऱ्यात वर चढायचं असेल तर सकाळी उशिरा निघालं तरी चालतं, वारा पाठीला असतो. खाली उतरायचं असेल तर सकाळीच उरकून घ्या. दुपारी दोन वाजता उतारावरही पेडल मारावं लागलं की माणूस आपल्या हबच्या बेअरिंगवर संशय घेतो. माझ्या एका सोबत्याने तर पतलीकुहलला थांबून मागचं चाक उघडलं होतं.

वाऱ्यासारखंच ट्रॅफिकचंही घड्याळ आहे. दिल्ली-चंदीगडहून रात्री निघालेल्या बस सकाळी मनालीत पोहोचतात. डाव्या काठावर त्यांचा त्रास नाही, पण हायवे तुंबला की छोट्या गाड्यांना पोलीस याच रस्त्याने वळवतात. मे-जूनमधला कुठलाही शनिवार-रविवार आणि नाताळ ते नववर्ष हा आठवडा म्हणजे हमखास तुंबण्याचे दिवस. शाळा सुटायच्या-भरायच्या वेळा सोडल्या तर मंगळवार ते गुरुवार हा रस्ता जवळजवळ तुमचाच.

कोणता महिना? मला विचाराल तर दसरा होऊन गेल्यानंतरचा. कुल्लूचा दसरा आपला संपतो त्या दिवशी, विजयादशमीला सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. खोऱ्यातल्या गावागावांतून शेकडो देव पालख्यांतून ढालपूरच्या मैदानात रघुनाथजीच्या भेटीला येतात. बघण्यासारखा सोहळा आहे, पण त्या आठवड्यात कुल्लूत खोली मिळत नाही. तो संपला की ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आकाश धुतल्यासारखं असतं, पाऊस जवळपास नाही. थंडी असते, पण चढावर ती बरीच वाटते. दुसरा पर्याय एप्रिल. तेव्हा सफरचंदाला फुलोरा असतो आणि डाव्या काठाचा रस्ता पांढऱ्या-गुलाबी फुलांमधून जातो. मात्र एप्रिलमध्ये दुपारनंतर सरी येतात आणि जलोडीसारखी खिंड बर्फामुळे नुकतीच उघडलेली किंवा उघडायची असते.

जुलै ते सप्टेंबर टाळा, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे सफरचंदाचा हंगाम. पेट्या लादलेली पिकअप वाहनं याच अरुंद रस्त्याने पतलीकुहल आणि बंदरोलच्या मंडीकडे धावतात आणि चालकांना झोप मिळालेली नसते. दुसरं म्हणजे पाऊस. २०२३ च्या जुलैत बियासला आलेल्या पुराने हायवेचे तुकडेच्या तुकडे वाहून नेले. तेव्हापासून मी जुलै-ऑगस्टमध्ये त्या खोऱ्याचं नावही काढत नाही. आणि कुठल्याही महिन्यात आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी एकच प्रश्न विचारावा, “आगे रोड खुला है?” मोबाइलवरच्या नकाशाला दरड कोसळल्याचं उशिरा कळतं. घरातल्या आजींना लगेच कळतं, कारण त्यांचं दूध त्याच रस्त्याने जातं.

इतके झाले तुमचे चार-पाच दिवस. उरलेल्या दिवसांसाठी मी तुम्हाला तीर्थन नदीच्या खोऱ्यात पाठवीन. इथे नियम वेगळा आहे. बियासच्या खोऱ्यात काठ बदलला की शांतता मिळते. तीर्थनमध्ये ती मिळते, कारण रस्ता पुढे कुठेच जात नाही. ज्या खोऱ्याच्या टोकाला रस्ता संपतो तिथे फक्त तिथलेच लोक येतात.

कुल्लूहून जीप करा आणि सायकली टपावर बांधून थेट बंजारला उतरा. वाटेत औटचा जवळजवळ पावणेतीन किलोमीटरचा बोगदा आहे. त्यात सायकल घालू नका. आतला धूर, आवाज आणि मागून येणारे ट्रक यांच्यात पावणेतीन किलोमीटर फार लांब असतात. बोगद्यापाशीच लारजीचं धरण आहे, आणि धरणाच्या खाली नदीचं पात्र कितीही कोरडं दिसलं तरी फोटोसाठी उतरू नका. २०१४ च्या जूनमध्ये हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी तिथेच, धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले.

बंजारहून गुशैणी दहा किलोमीटर. रस्ता नदीला चिकटून, चढ सौम्य. तुमच्या सासऱ्यांना हा दिवस सगळ्यात जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे. तीर्थनच्या लोकांनी आपल्या नदीवर वीज प्रकल्प होऊ दिले नाहीत. त्यामुळे पाणी काचेसारखं आहे, ट्राउट मासे आहेत आणि मुख्य म्हणजे डंपर नाहीत. शेजारच्या सैंज खोऱ्यात जाऊन बघितलंत तर हा फरक एका तासात कळेल. गुशैणीला दोन प्रवाह मिळतात. एकीकडे ग्रेट हिमालयन नॅशनल पार्ककडे जाणारी पायवाट, हे उद्यान २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दुसरीकडे बठाहडपर्यंत दहा-बारा किलोमीटरचा रस्ता. बठाहडला रस्ता संपतो. पुढे बशलेऊ खिंडीची पायवाट आणि त्यापलीकडे सराहन. एका दिवसात गुशैणीहून बठाहडला जाऊन या. वाटेत मला मागच्या खेपेला मोजून सहा वाहनं भेटली. त्यातली एक दोनदा भेटली, ती एसटीसारखी गावात जाणारी बस होती.

आता जलोडी. बंजारहून जिभी, तिथून घियागी, शोजा आणि वर ३,१२० मीटरवर जलोडी खिंड. जिभी दहा वर्षांपूर्वी शांत होतं. आता तिथे लाकडी कॉटेजेस, कॅफे आणि रील करणारे आहेत, तिथे मी थांबत नाही. जिभी ते खिंड जेमतेम बारा किलोमीटर आणि चढ तेराशे मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी दहा-अकरा टक्के. सिंहगडाचा चढ तुम्हाला माहीत आहे. तो संपल्यावर त्याच्याच माथ्यावर दुसरा सिंहगड ठेवा आणि मग थोडं आणखी. म्हणून हा चढ दोन दिवसांत करावा, मध्ये शोजाला रात्र. शोजा सव्वीसशे मीटरच्या पुढे आहे. तिथे झोपून दुसऱ्या दिवशी खिंड केली की शरीराला उंचीची थोडी सवय होते आणि मुख्य चढ सकाळच्या ताज्या पायांनी होतो. सासऱ्यांच्या बाबतीत मी स्पष्टच सांगतो: निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून, त्यांनी हो म्हटलं तर शोजापर्यंत सायकलने. खिंडीचा शेवटचा टप्पा त्यांनी जीपने केला तरी काही बिघडत नाही. खिंडीवरून सरोळसर तलावाकडे रानातून पाच किलोमीटर चालायचं आहे, ते तिघांनी मिळून करा.

खरी काळजी चढाची नाही, उताराची आहे. जलोडीहून उतरताना पंधरा-वीस किलो सामान लादलेली सायकल ब्रेकवर धरून ठेवली तर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेक असेल तर डिस्क निळी पडते. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. पुढचा-मागचा आलटून पालटून. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबा आणि पाणी प्या, तेवढ्यात रिम निवते. जाण्याआधी पॅड नवे बसवा आणि एक जोडी जादा घ्या. मी ही शिकवण पैसे देऊन घेतलीय, त्यात एक टायर आणि दोन गुडघ्यांचं कातडं गेलं.

गिअर. पुणे-गोवा ज्या सायकलने केलंत ती चालेल, पण मागचं सगळ्यात मोठं चक्र किमान ३४ दातांचं हवं आणि पुढचं सगळ्यात छोटं ३०च्या आत असेल तर उत्तम. पुढे ३४ आणि मागे २८ घेऊन सामानासकट शोजा चढणारे असतात, पण ते असे प्रश्न विचारत नाहीत. टायर ३५ ते ४० मिलिमीटरचे. त्याहून बारीक असले तर डाव्या काठावरच्या उखडलेल्या तुकड्यांवर रोज हाताला मुंग्या येतील. सामान मागे दोन पिशव्यांत मावलं पाहिजे. तंबू नकोच, प्रत्येक गावात घरगुती राहायची सोय आहे आणि संध्याकाळी चुलीपुढे बसायला मिळतं ते वेगळं. मनाली-कुल्लूत भाड्याच्या सायकली मिळतात, पण त्या जड असतात आणि बऱ्याचशांना मागे कॅरिअर लावायची सोय नसते.

दुरुस्तीचं सामान म्हणजे दोन ट्यूब, पॅच, चेनचा जोड, दोन-तीन तारा (आपल्या चाकाच्या मापाच्या), डिरेलिअरचा हँगर, म्हणजे मागची गिअर बदलणारी यंत्रणा सायकलच्या सांगाड्याला जोडणारी छोटी पट्टी. हा शेवटचा विसरू नका. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो, बसच्या टपावर सायकल आडवी पडली की तोच पहिला वाकतो आणि तो अख्ख्या खोऱ्यात मिळणार नाही. बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूब असतील तर मोटारसायकलच्या पंपाला चालणारा पितळी अ‍ॅडॉप्टर ठेवा, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. पंक्चरवाले भय्या मग आनंदाने हवा भरून देतात.

जायचं कसं? पुण्याहून झेलम एक्सप्रेसने अंबाल्यापर्यंत, तिथून चंदीगड, आणि चंदीगडहून कुल्लूची बस. सायकल गाडीच्या लगेज व्हॅनमध्ये टाकता येते. तिकीट दाखवून ‘लगेज’ म्हणून बुक करा, ‘पार्सल’ म्हणून नको. लगेज तुमच्याच गाडीने जातं. पार्सल जागा असेल त्या गाडीने जातं आणि तुम्ही अंबाल्याच्या फलाटावर दोन दिवस चहा पीत बसता. पुण्याहून गाडी सुटायच्या किमान तीन तास आधी स्टेशनवर जा. पुढचं चाक, पेडल आणि हँडल काढून पुठ्ठ्यात बांधा, डिरेलिअर आतल्या बाजूला बांधा. चंदीगडहून पुढे हिमाचलची साधी बस बघा. तिला टपावर कॅरिअर असतं आणि कंडक्टर सायकलचं तिकीट फाडतो. व्होल्वोच्या डिकीत तीन सायकली मावतील की नाही हे त्या दिवशीच्या प्रवाशांच्या बॅगांवर अवलंबून, तिथे वाद घालून उपयोग नसतो.

पार्वती खोऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी कसोल सुचवेलच. भुंतर ते मणिकरण रस्ता अरुंद आहे आणि गाड्या मात्र हायवेइतक्या आहेत. सायकलवाल्याला दरीच्या बाजूला रेटलं जातं. मी एकदा गेलो, पुन्हा जाणार नाही. त्यापेक्षा एखादा दिवस हाताशी उरलाच तर कुल्लूच्या बसस्टँडजवळून सरवरी नदीच्या काठाने लग घाटीत, म्हणजे लगच्या खोऱ्यात शिरा. तिथे बघण्यासारखं म्हणून कुणी यादीत घालावं असं काहीच नाही. मक्याची शेतं आहेत, घराच्या ओसरीत मागावर शाल विणणाऱ्या बाया आहेत, आणि लहान मुलं सायकलमागे धावतात. तिथून परत यायला मला नेहमी उशीर होतो.

कुत्र्यांचं एक. गावातली कुत्री भुंकतात आणि सोडून देतात. गद्दी मेंढपाळांची कुत्री वेगळी, ती कामावर असतात. एप्रिल-मेमध्ये कळप वर जातात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खाली येतात आणि तेव्हा रस्ता मेंढ्यांचाच असतो. कळप दिसला की उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, बाजूला उभे राहा. घंटी वाजवू नका. मेंढपाळ हाक मारेल तेव्हाच पुढे जा. बऱ्याचदा तो बिडी पेटवून गप्पाच मारायला थांबतो आणि तुम्ही किती किलोमीटर आलात हे ऐकून, आपण किती चालून आलो ते सांगतो. मग आपण आपला आकडा पुन्हा काढत नाही.

आणि ऑक्टोबरअखेर जाणार असाल तर पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. तीर्थनचं खोरं खोल आहे, गुशैणीत ऊन उशिरा उतरतं. सकाळी सातला निघायची पुण्याची सवय तिथे सोडा. समोरच्या डोंगरावरची उन्हाची रेघ घरांच्या छपरांपर्यंत आली की चहा संपवा आणि मग सायकलवर बसा.